कर्नल डंपमधला फिजिकल अ‍ॅड्रेस: शोधायचा कसा, कळवायचा कसा

कर्नल पॅनिकच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभाच कोसळल्याच्या, तक्रारींमध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘अमुक अ‍ॅड्रेसवर मेमरी खराब झाली आहे, कृपया पाहावे.’ त्यावर समोरून पहिला प्रश्न येतो, कुठला अ‍ॅड्रेस? व्हर्च्युअल, फिजिकल, की पेज फ्रेम नंबर? मूळ मशीनचा (होस्ट) की त्यावरच्या व्हर्च्युअल मशीनचा (गेस्ट)? डंप (कोसळतानाच्या मेमरीची नक्कल) पूर्ण आहे की गाळलेला? या प्रश्नोत्तरांतच दिवस जातात आणि दोष शोधायचं काम सुरूही झालेलं नसतं.

नुसता आकडा कळवला तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. तो कुठल्या प्रकारचा आहे, कुठून काढला आणि दुसऱ्या वाटेने ताडून पाहिला का, एवढं सोबत असलं तरच त्याचा उपयोग. हे सगळं नव्या माणसालाही जमण्यासारखं आहे, घाई मात्र करायची नाही.

लेख लिनक्सपुरता आहे, त्यातही इंटेल-एएमडीच्या ६४ बिटी मशीनपुरता. एआरएमवर तत्त्व तेच, विभागांचे आकडे वेगळे. हाताशी तीन गोष्टी हव्यात: केडंप या कर्नलच्या सोयीने घेतलेला डंप, तो वाचायचं क्रॅश नावाचं साधन आणि रूटचे अधिकार. आदेश, फायलींची नावं आणि हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायचे. हेक्समधली ए ते एफ ही अक्षरंही तशीच वाचा. उदाहरणाचे आकडे मुद्दाम असे घेतले आहेत की त्यांत अक्षरं कमी यावीत.

एकाच जागेचे तीन आकडे

कर्नल स्वतः बहुतेक वेळ व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस वापरतो. पॉइंटर, स्टॅक ट्रेस, ऊप्सचा (कर्नलमध्ये चूक झाल्याचा) संदेश, सगळीकडे तेच दिसतात. फिजिकल अ‍ॅड्रेस म्हणजे पेज टेबलमधून (कुठला व्हर्च्युअल कुठल्या फिजिकलवर जातो त्याच्या तक्त्यातून) भाषांतर होऊन प्रोसेसरकडून मेमरी कंट्रोलरकडे जातो तो आकडा. गावात ‘पाटलांचा मळा’ म्हटलं की भागतं, तलाठ्यासमोर मात्र गट नंबरच लागतो. हार्डवेअरशी बोलताना फिजिकल अ‍ॅड्रेस तसा लागतो.

तिसरा आकडा पेज फ्रेम नंबर, म्हणजेच पीएफएन: मेमरीचे ४०९६ बाइटांचे तुकडे (पेज) पाडले तर त्यांतला कितवा. फिजिकल अ‍ॅड्रेसला ४०९६ ने भागायचं, बाकी सोडून द्यायची. हेक्समध्ये तर भागाकारही करावा लागत नाही, शेवटचे तीन अंक झाकले की झालं.

पुढे सगळीकडे हेच उदाहरण वापरू:

व्हर्च्युअल: एफएफएफएफ८८८१२३४५६७८०
फिजिकल: १२३४५६७८०
पीएफएन: १२३४५६
पेजच्या आतलं अंतर: ७८०

हा फिजिकल अ‍ॅड्रेस दशमानात ४८८,६७,१८,३३६ होतो, म्हणजे साधारण ४.५५ जीबीच्या खुणेवरची जागा.

व्हर्च्युअलवरून फिजिकल इतक्या सहज निघाला, कारण हा अ‍ॅड्रेस डायरेक्ट मॅपमधला आहे. या विभागात सगळी रॅम सलग मांडलेली असते आणि त्याची सुरुवात ‘एफएफएफएफ८८८’ आणि पुढे नऊ शून्यं अशी असते. ४.२० च्या आधीच्या कर्नलांत ८८८ च्या जागी ८८० दिसेल. सुरुवातीचा आकडा वजा केला की फिजिकल हातात.

बाकीच्या विभागांत ही वजाबाकी चालत नाही. कर्नलचा स्वतःचा कोड ‘एफएफएफएफएफएफएफएफ८’ आणि पुढे सात शून्यं इथून पुढच्या भागात असतो. तिथे ती सुरुवात वजा करायची आणि उत्तरात ‘फिज-बेस’ नावाचा आकडा (कर्नल रॅममध्ये कुठे भरला आहे त्यावर ठरणारा) जोडायचा. व्हीमॅलॉकचा विभाग (विखुरलेली पेजं जोडून सलग दाखवायची जागा) ‘एफएफएफएफसी९’ ने सुरू होतो आणि तिथे तर कुठलंच सूत्र नाही. शेजारशेजारची दोन व्हर्च्युअल पेजं रॅममध्ये एकमेकांपासून कितीही लांब असू शकतात. नवशिक्यांची गल्लत इथेच होते. ४.९ पासून या मशीनवर कर्नलचे स्टॅकही व्हीमॅलॉकमध्ये ठेवता येतात आणि बहुतेक डिस्ट्रिब्युशन्स ते तिथेच ठेवतात. त्यामुळे ऊप्समध्ये दिसलेला स्टॅक पॉइंटर उचलून वजाबाकी केली, तर उत्तर दिसायला व्यवस्थित आणि पूर्ण चुकीचं येतं. चौथा विभाग व्हीमेममॅप, ‘एफएफएफएफईए’ ने सुरू होणारा. तिथे पेजमधला डेटा नसतो, प्रत्येक पेजची ६४ बाइटांची नोंद असते. आपल्या पीएफएन १२३४५६ ची नोंद एफएफएफएफईए०००४८डी१५८० इथे सापडेल, कारण १२३४५६ गुणिले हेक्स ४० बरोबर ४८डी१५८०.

आता यातली अडचण. डायरेक्ट मॅप, व्हीमॅलॉक आणि व्हीमेममॅप यांच्या वरच्या सुरुवाती केएएसएलआर (सुरक्षेसाठी कर्नलच्या जागा बदलत ठेवायची सोय) बंद असतानाच्या आहेत. ते चालू असलं की दर बूटला त्या बदलतात, आणि ४.१२ पासून ते मुळातच चालू येतं. म्हणून दुसऱ्याच्या मशीनवरचा किंवा मागच्या बूटचा आधार घेऊन वजाबाकी करू नका. त्या त्या डंपमधूनच आधार काढा; कसा ते खाली येतं.

पायरी पहिली: डंप खरंच निघतोय ना, हे आधी पाहा

केडंप २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीत कर्नलमध्ये आला. त्याच वर्षी ओटावाच्या लिनक्स सिम्पोझियममध्ये विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी त्यावर निबंध मांडला होता. कल्पना साधी आहे: पडलेल्या कर्नलवर विश्वास ठेवायचा नाही. बूटच्या वेळीच रॅमचा एक तुकडा राखून त्यात दुसरा छोटा कर्नल भरून ठेवायचा, पॅनिक झाला की थेट त्यात उडी मारायची. तो दुसरा कर्नल पहिल्याची सगळी मेमरी /प्रॉक/व्हीएमकोअर या फाइलच्या रूपात दाखवतो.

बूटच्या ओळीत ‘क्रॅशकर्नल=२५६एम’ अशा धाटणीचा पर्याय हवा. सेवा सुरू झाली की /सिस/कर्नल/केएक्सेक_क्रॅश_लोडेड ही फाइल वाचा. त्यात १ असेल तरच तयारी पूर्ण आहे. ० असेल तर पॅनिकनंतर हातात काहीच येणार नाही, आणि हे पॅनिकनंतरच कळण्यात काही मजा नाही. प्रयोगाच्या मशीनवर /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये ‘सी’ हे एक अक्षर लिहून मुद्दाम पॅनिक घडवून बघा. चालू सर्व्हरवर अजिबात नाही.

डंप बहुधा /व्हार/क्रॅश खाली तारखेच्या फोल्डरमध्ये पडतो. रेड हॅट घराण्यात त्याच्या शेजारी कर्नल लॉगची वेगळी मजकूर-फाइलही मिळते. ती आधी वाचा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

पायरी दुसरी: डंपमध्ये काय नाही ते समजून घ्या

मूळ व्हीएमकोअर ही ईएलएफ जातीची फाइल असते. ती वाचणाऱ्या रीडईएलएफ या साधनाला ‘-एल’ लावून चालवलं की लोड प्रकारचे तुकडे दिसतात आणि प्रत्येकासमोर फिजिकल अ‍ॅड्रेसचा रकाना असतो. फाइलमध्ये कितव्या बाइटला कुठली फिजिकल रेंज ठेवली आहे याचा तो नकाशा. कधी कधी एकच फिजिकल रेंज दोन तुकड्यांत दिसते, एकदा डायरेक्ट मॅपच्या व्हर्च्युअल अ‍ॅड्रेससह आणि एकदा कर्नल कोडच्या. डंप बिघडलेला नाही. त्याच जागेची दोन व्हर्च्युअल नावं नोंदवली आहेत.

पण प्रत्यक्षात तुमच्या हाती मूळ फाइल क्वचितच येते. मेकडंपफाइल नावाचं साधन ती आधी गाळतं आणि दाबतं, मग ती ईएलएफ उरत नाही, रीडईएलएफही ती वाचायला नकार देतं. काय गाळायचं ते ‘-डी’ या पर्यायाच्या आकड्यावर ठरतं: १ म्हणजे शून्यांनी भरलेली पेजं, २ आणि ४ म्हणजे पेज कॅशचे (फायलींचा मेमरीत ठेवलेला मजकूर) दोन प्रकार, ८ म्हणजे यूजर प्रोसेसची पेजं, १६ म्हणजे मोकळी पेजं. यांची बेरीज ३१, आणि बहुतेक ठिकाणी ३१ च लावलेलं असतं. अशा डंपमध्ये यूजर प्रोसेसचा डेटा शोधत बसू नका, तो आलेलाच नाही. क्रॅश कर्नलसाठी राखलेला तुकडाही डंपमध्ये नसतो. हार्डवेअरने खराब ठरवलेली, म्हणजे एचडब्ल्यूपॉइझनचा शिक्का बसलेली पेजंसुद्धा मेकडंपफाइल वगळतं, कारण ती वाचायला गेलं की डंप घेता घेताच दुसरा मशीन चेक (प्रोसेसरने कळवलेली हार्डवेअरची चूक) यायचा.

थोडक्यात, खराब रॅमची चौकशी करताना नेमकं तेच पेज डंपमध्ये नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तक्रारीत तसं स्पष्ट लिहायचं. ‘पेज रिकामं आहे’ असं लिहिणं वेगळं आणि ‘पेज डंपमध्ये नाही’ असं लिहिणं वेगळं.

पायरी तिसरी: क्रॅशमध्ये उघडा

क्रॅशला दोन फायली लागतात: डंप आणि डीबग माहितीसकट असलेली व्हीएमलिनक्स. दुसरी फाइल /बूट मधल्या दाबलेल्या कर्नलपेक्षा वेगळी असते. रेड हॅट घराण्यात ती कर्नल-डीबगइन्फो पॅकेजमधून येते, उबुंटूत डीबीजीसिम पॅकेजमधून. आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत जुळली पाहिजे. ‘जवळपास तीच’ इथे चालत नाही.

उघडल्यावर सिस हा आदेश द्या. डंपफाइलच्या ओळीत शेवटी ‘पार्शल डंप’ असं चौकटी कंसात दिसलं तर डंप गाळलेला आहे. मग ‘हेल्प -एन’ द्या. बरंच काही सरकत जाईल, त्यातल्या तीन गोष्टी टिपून ठेवा: डंप लेव्हल (वरचा ‘-डी’ चा आकडा), फिज-बेस आणि कर्नल ऑफसेट (केएएसएलआरने कर्नल किती सरकवला ते). शेवटच्या दोन व्हीएमकोअरइन्फो नावाच्या टिपणीत असतात. पडण्याआधीच कर्नलने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली ती माहिती. डायरेक्ट मॅपची खरी सुरुवात हवी तर ‘पीएक्स पेज_ऑफसेट_बेस’ विचारा. वजाबाकीचा आधार तोच.

पायरी चौथी: व्हर्च्युअलवरून फिजिकल

आदेशाचं नाव व्हीटॉप, टंकायचं व्ही-टी-ओ-पी. पुढे व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस. आपल्या उदाहरणाचं उत्तर असं काहीसं दिसेल:

व्हर्च्युअल एफएफएफएफ८८८१२३४५६७८०, फिजिकल १२३४५६७८०
त्याखाली पीजीडी, पीयूडी, पीएमडी (पेज टेबलच्या पातळ्या) यांच्या ओळी
पेज: १२३४००००० (२ एमबी)

शेवटच्या ओळीशी लोक अडखळतात. पेजची सुरुवात १२३४५६००० यायला हवी होती, मग १२३४००००० कसं? कारण डायरेक्ट मॅप शक्यतो मोठ्या पेजांनी बांधलेला असतो, २ एमबीच्या नाहीतर १ जीबीच्या. भाषांतराची साखळी पीएमडीपाशीच संपली, चौथ्या पातळीपर्यंत जावंच लागलं नाही. पीएफएन मात्र ४ केबीच्याच हिशेबाने मोजतात, तो १२३४५६ च राहतो. तक्रारीत १२३४०० लिहू नका.

ही साखळी एकदा हाताने चालून बघा. व्हर्च्युअल अ‍ॅड्रेसचे खालचे ४८ बिट घ्या. वरून नऊ-नऊ बिटांचे चार गट पाडा, शेवटी बारा बिट उरतील. आपल्या अ‍ॅड्रेसचे गट येतात २७३, ४, २८२ आणि ८६. म्हणजे पीजीडीतली २७३ क्रमांकाची नोंद, तिथून मिळालेल्या पीयूडीतली ४ क्रमांकाची, मग पीएमडीतली २८२. पीयूडीतल्या प्रत्येक नोंदीखाली १ जीबी येतो, म्हणून ४ म्हणजे चार जीबीच्या पुढचा भाग, ४.५५ शी ते जुळतं. पाच पातळ्यांच्या पेज टेबलांवर वर आणखी एक गट वाढतो आणि ५७ बिट धरावे लागतात.

अ‍ॅड्रेस यूजर प्रोसेसचा असेल तर व्हीटॉपला ‘-सी’ लावून प्रोसेस क्रमांक द्यावा लागतो. तोच व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस प्रत्येक प्रोसेसमध्ये निराळ्या जागी जातो.

पायरी पाचवी: उलट्या वाटेने ताडून पाहा

ही पायरी लोक गाळतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोलाची हीच. पीटीओव्ही या आदेशाला १२३४५६७८० द्या, मूळ व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस परत यायला हवा. मूळ अ‍ॅड्रेस व्हीमॅलॉकमधला असेल तर पीटीओव्ही त्या जागेचा डायरेक्ट मॅपमधला अ‍ॅड्रेस देईल. दोन्ही खरे आहेत, घाबरू नका. मग ‘केमेम -पी १२३४५६७८०’ विचारा. त्या पेजची नोंद, वापराचा मोजणी-आकडा आणि फ्लॅग समोर येतील. स्लॅबचं (कर्नलच्या स्वतःच्या छोट्या रचनांच्या साठ्याचं) पेज आहे की पेज कॅशचं, राखीव आहे की एचडब्ल्यूपॉइझनचं, ते इथे कळतं.

मजकूर पाहायला ‘आरडी -पी १२३४५६७८० ८’. आठ-आठ बाइटांचे आठ शब्द दिसतील. हाच भाग ‘-पी’ न लावता व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस देऊन पुन्हा वाचा. दोन्हीकडे तेच आलं तर भाषांतर बरोबर आहे. ‘पेज एक्सक्लूडेड’ असं उत्तर आलं तर पेज गाळलेलं आहे. ‘सीक एरर’ आली तर ती रेंज डंपमध्येच नाही किंवा अ‍ॅड्रेस चुकला आहे; आधी दुसरी शक्यता तपासा.

पायरी सहावी: ही जागा रॅम आहे का?

/प्रॉक/आयोमेम ही फाइल रूट होऊन वाचा. साध्या वापरकर्त्याला त्यात सगळीकडे शून्यंच दिसतात, आणि ती शून्यं तशीच तक्रारीत चिकटवणारे कमी नाहीत. ‘सिस्टिम रॅम’ लिहिलेल्या ओळींपैकी एकीत आपला आकडा बसला पाहिजे. ‘रिझर्व्ह्ड’मध्ये किंवा एखाद्या पीसीआय उपकरणाच्या रेंजमध्ये पडला तर ती रॅम नव्हे, आणि मग रॅमची काडी बदलून काही होणार नाही.

इथे एक भ्रम पक्का असतो: मशीनमध्ये ८ जीबी रॅम, म्हणजे फिजिकल अ‍ॅड्रेस ८ जीबीच्या आतच असणार. तसं नसतं. ४ जीबीच्या खालचा एक पट्टा उपकरणांसाठी सोडलेला असतो आणि तिथली रॅम ४ जीबीच्या वर सरकवून दाखवली जाते. त्यामुळे ८ जीबीच्या मशीनवर ८ जीबीच्या पलीकडचे अ‍ॅड्रेस अगदी रीतसर असतात. मशीन आता चालू नसेल तर डंपमधल्या लॉगच्या सुरुवातीला बायोस-ई८२० अशा ओळी शोधा, तोच नकाशा तिथे छापलेला असतो.

लॉगमधले आकडे वाचताना

डंप न उघडताही लॉगमध्ये फिजिकल आकडे सापडतात. फक्त प्रत्येक जण आपल्या वेगळ्या वेषात येतो.

ऊप्समध्ये पीजीडी, पी४डी, पीयूडी, पीएमडी आणि पीटीई अशी एक ओळ असते. समजा शेवटी लिहिलं आहे: पीटीई ८००००००१२३४५६०६३. हा अ‍ॅड्रेस नव्हे, पेज टेबलमधली अख्खी नोंद आहे. डावीकडचा ८ म्हणजे सगळ्यात वरचा बिट, या पेजमधून कोड चालवायला मनाई. उजवीकडचे तीन अंक ०६३ म्हणजे फ्लॅग: पेज हजर आहे, लिहिता येतं, वापरलं गेलंय, बदललं गेलंय. दोन्ही टोकं काढली की मधे उरतं १२३४५६, तोच आपला पीएफएन. फिजिकल १२३४५६०००. एएमडीवर मेमरी एन्क्रिप्शन चालू असेल तर वरचा आणखी एक बिट बाजूला काढावा लागतो. नोंदीचा सगळ्यात खालचा बिट ० असेल तर पेज हजरच नाही. मधला आकडा स्वॅपची खूण असू शकतो, आणि प्रोसेसरमधल्या २०१८ च्या एल१टीएफ दोषानंतर तर तो मुद्दाम उलटवून ठेवतात. त्यातून फिजिकल अ‍ॅड्रेस काढू नये.

त्याच संदेशात प्रोसेसरच्या सीआर२ आणि सीआर३ या रजिस्टरांचे आकडे असतात. सीआर२ मध्ये ज्या अ‍ॅड्रेसवर फॉल्ट आला तो, व्हर्च्युअल. सीआर३ मध्ये पेज टेबलच्या मुळाचा फिजिकल अ‍ॅड्रेस, मात्र खालचे बारा बिट अ‍ॅड्रेसचे धरायचे नाहीत. दोन्ही एकाच ओळीत शेजारी छापलेले असतात आणि लोक सर्रास अदलाबदल करतात.

मशीन चेकच्या ओळीत ‘एडीडीआर’ शब्दापुढचा आकडा फिजिकल असतो, पण दोन अटींवर. त्याच नोंदीतल्या स्टेटस या आकड्याचा ५८ वा बिट १ हवा, नाहीतर तो आकडा वैधच नाही. शिवाय मिस्क या आकड्याचे खालचे सहा बिट सांगतात की अ‍ॅड्रेसचे किती शेवटचे बिट धरायचे नाहीत. तिथे ६ असेल तर नेमकेपणा ६४ बाइटांपुरता, १२ असेल तर फक्त पेजपुरता. ज्या नेमकेपणाने हार्डवेअरने सांगितलं, तेवढाच तक्रारीत लिहा.

आणि सगळ्यात फसवी ओळ: ‘मेमरी फेल्युअर: ०एक्स१२३४५६: रिकव्हरी अ‍ॅक्शन...’. ०एक्स ही पुढचा आकडा हेक्स असल्याची खूण; इथला आकडा पीएफएन आहे, अ‍ॅड्रेस नव्हे. पुढे तीन शून्यं लावली की अ‍ॅड्रेस होतो. मेमरीच्या चुका टिपणाऱ्या ईडॅकच्या ओळीत त्याउलट ‘पेज’ आणि ‘ऑफसेट’ वेगवेगळे छापतात; ०एक्स१२३४५६ आणि ०एक्स७८० जोडले की आपला मूळ अ‍ॅड्रेस. ईडॅकच्या ओळीतलं चॅनल आणि डिमचं (रॅमच्या काडीचं) लेबल जसंच्या तसं उचला. फिजिकल अ‍ॅड्रेसवरून डिम कुठली हे तोंडी हिशेबाने सांगता येत नाही, कारण सलग अ‍ॅड्रेस वेगवेगळ्या चॅनलवर वाटलेले असतात. ‘४.५५ जीबी म्हणजे दुसरी काडी’ हा हिशेब सोडून द्या.

स्वतः ड्रायव्हर लिहीत असाल आणि फिजिकल अ‍ॅड्रेस लॉगमध्ये छापायचा असेल, तर प्रिंटके या छापायच्या फंक्शनमध्ये टक्का-पी-ए हा फॉरमॅट वापरा आणि त्याला व्हेरिएबलचा पत्ता द्या. नुसता टक्का-पी ४.१५ पासून खरा पॉइंटर दाखवतच नाही, त्याचा हॅश दाखवतो. तशा हॅशवर व्हीटॉप चालवून वैतागलेली मंडळी तुम्हाला भेटतीलच.

व्हर्च्युअल मशीन असेल तर

गेस्टच्या डंपमधला फिजिकल अ‍ॅड्रेस हा गेस्टपुरता फिजिकल. होस्टच्या रॅममध्ये ते पेज दुसरीकडेच असतं. व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या व्हर्श या साधनाच्या डंप आदेशाला मेमरी-ओन्ली पर्याय लावून काढलेल्या फाइललाही हेच लागू. हार्डवेअरचा संशय असेल तर होस्टचा लॉग हवा. क्लाउडवर तो मिळत नाही, तेव्हा सेवा देणाऱ्याला वेळ आणि इन्स्टन्स कळवा, गेस्टमधला अ‍ॅड्रेस नको.

तक्रार कशी लिहायची

नमुना देतो, तुमच्या आकड्यांनी भरा:

कर्नल: यूनेम -आर चं उत्तर जसंच्या तसं
मशीन: प्रत्यक्ष हार्डवेअर, रॅम ८ जीबी
डंप: केडंप, मेकडंपफाइल, डंप लेव्हल ३१
व्हर्च्युअल अ‍ॅड्रेस: एफएफएफएफ८८८१२३४५६७८०, डायरेक्ट मॅप
फिजिकल अ‍ॅड्रेस: ०एक्स१२३४५६७८०, व्हीटॉपने काढला
पीएफएन: ०एक्स१२३४५६
पडताळणी: पीटीओव्ही आणि आरडी -पी, दोन्ही जुळले
विभाग: आयोमेममध्ये सिस्टिम रॅम
पेजचे फ्लॅग: केमेम -पी ची पूर्ण ओळ
पेज_ऑफसेट_बेस, फिज-बेस, कर्नल ऑफसेट: तिन्ही आकडे
हार्डवेअरच्या ओळी: मशीन चेक आणि ईडॅक, वेळेसकट, काटछाट न करता

एकाच मशीनवर पॅनिक अनेकदा झाला असेल तर प्रत्येक वेळचा फिजिकल अ‍ॅड्रेस द्या. व्हर्च्युअल दर बूटला बदलतो, त्यामुळे त्यांची तुलना निरर्थक. फिजिकल अ‍ॅड्रेस मात्र पुन्हा पुन्हा त्याच ६४ बाइटांत किंवा त्याच पेजमध्ये येत असेल, आणि दर वेळी तिथे वेगळाच डेटा राहत असेल, तर रॅमवर संशय घ्यायला जागा आहे. फिजिकल जागा दर वेळी नवी पण बिघडलेली रचना एकाच जातीची, असं असेल तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा.

अख्खा डंप कुठेही उघड्यावर ठेवू नका. त्यात किल्ल्या, पासवर्ड, लोकांची माहिती असू शकते. लेव्हल ३१ ने यूजर पेजं जातात, पण कर्नलच्या बफरांमध्ये उरायचं ते उरतंच. मशीन अजून त्याच बूटमध्ये चालू असेल, म्हणजे डंप चालू मशीनचाच काढला असेल, तर कर्नल ऑफसेटसुद्धा सार्वजनिक करू नये, नाहीतर केएएसएलआर कशासाठी होतं?

रॅमची काडी लगेच बदलता येत नसेल तर

खराब पेज तात्पुरतं बाजूला ठेवता येतं. बूटच्या ओळीत ‘मेममॅप=४के$०एक्स१२३४५६०००’ दिलं की कर्नल ते पेज वापरत नाही. डॉलरचं चिन्ह ग्रब (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) स्वतःसाठी गिळतो, म्हणून त्याआधी उलटी तिरकी रेघ लागते, काही रचनांत एकाहून जास्त. डॉलर हरवला तर मशीन सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. आधी बूटच्या वेळी ग्रबमध्ये हाताने एकदाच लिहून बघा, मग /प्रॉक/सीएमडीलाइन आणि आयोमेम तपासा.

रीबूट शक्य नसेल तर /सिस/डिव्हाइसेस/सिस्टिम/मेमरी खाली सॉफ्ट_ऑफलाइन_पेज ही फाइल असते. तिला फिजिकल अ‍ॅड्रेस लागतो. डीबगएफएसमधल्या एचडब्ल्यूपॉइझनच्या करप्ट-पीएफएन फाइलला मात्र पीएफएन लागतो, आणि ती चाचणीसाठी आहे, चालू मशीनवर तिच्या वाटेला जाऊ नका. सॉफ्ट ऑफलाइन करताना कर्नल त्या पेजमधला मजकूर आधी दुसरीकडे हलवतो. पेज कर्नलच्या स्लॅबमध्ये अडकलेलं असेल तर ते जमत नाही आणि एरर येते. अ‍ॅड्रेसच्या आधी ०एक्स लिहायला विसरू नका. विसरलात तर कर्नल १२३४५६७८० हा आकडा दशमान समजेल, ११७ एमबीच्या आसपासचं एखादं धडधाकट पेज बाजूला काढायला जाईल, आणि खराब पेज आहे तिथेच राहील.